पेल्यामागची बाग

फेब्रुवारीत फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षवेलींवर एक पान सापडत नाही. थंडीने वेली निजलेल्या असतात, मजूर त्यांची छाटणी करत असतात आणि आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडलेल्या द्राक्षांची वाइन पिंपांत मुरत असते. त्याच दिवसांत नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या काठाने गोवर्धन-गंगावऱ्ह्याकडे निघालं, की वाइनऱ्यांच्या मागच्या फाटकाशी क्रेट लादलेल्या पिकअप उभ्या दिसतात. पहाटे खुडलेला माल ऊन तापण्यापूर्वी सावलीत घ्यायचा असतो. काट्यावर वजन होतं, एकजण क्रेटमधले चार मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकतो, साखर बघतो आणि वहीत आकडा लिहितो. पुढच्या फाटकातून तेव्हा मुंबई-पुण्याच्या गाड्या आत शिरत असतात. तिथे हिरवळ आहे, पिझ्झा आहे, पेला हातात धरून फोटो काढायला धरणाचं पाणी आहे.

नाशिकच्या वाइन-पर्यटनावर आजवर जे लिहून आलं, ते बहुतेक पुढच्या फाटकातून आत गेलेल्यांनी लिहिलेलं आहे. मला मागच्या फाटकाची ओढ होती. म्हणून काढणीच्या हंगामातला एक शनिवार-रविवार मी टेस्टिंग रूम, वाइनमेकर आणि त्यांना द्राक्षं देणारे बागाईतदार अशा तिघांच्या भेटीसाठी राखून ठेवला. माझं म्हणणं आधीच मांडून ठेवते. या वाइनचं बरंवाईट बागेतल्या कात्रीवर आणि वाइनरी-शेतकऱ्यांमधल्या करारावर ठरतं. टेस्टिंग रूममध्ये मात्र या दोन्हींबद्दल कोणी बोलत नाही.

आधी कात्रीबद्दल. थंड देशांत वेलीला हिवाळ्याची सक्तीची विश्रांती मिळते. वर्षात एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे वेल झोपतच नाही. मोकळी सोडली तर बारमाही वाढत राहील आणि फळ धरायचं विसरून जाईल. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. पहिली एप्रिलमधली खरड छाटणी. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडावर, एकेक डोळा राखून बाकी सगळं काढून टाकतात. त्यातून नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या हंगामाचा घड त्या काड्यांच्या डोळ्यांत, मे-जूनच्या उन्हात, सूक्ष्म रूपात तयार होतो. छाटणीनंतरचे साधारण ४० ते ६० दिवस यासाठी मोलाचे. त्या दिवसांत आभाळ सतत भरून राहिलं, तर पुढच्या जानेवारीचं पीक तिथेच घटतं. शेतकऱ्याला ते कळायला मात्र दुसऱ्या छाटणीनंतरची फूट बघावी लागते.

दुसरी गोडी छाटणी. खाण्याच्या द्राक्षांची बहुतेक ऑक्टोबरात होते. वाइनच्या बागा त्याआधी, ऑगस्टअखेरपासून छाटायला घेतात. तिथून चार ते पाच महिन्यांत माल काढणीला येतो. वाइनरीच्या टाक्या मोजक्या असल्यामुळे सगळ्यांची द्राक्षं एकाच आठवड्यात येऊन चालत नाही. म्हणून कोणाच्या प्लॉटला कात्री कधी लावायची, हे वाइनरीचे शेतीतज्ज्ञ आणि शेतकरी मिळून आधीच ठरवतात. फेब्रुवारीत एखाद्या टाकीत कोणत्या गावचा माल पडणार, याचा निर्णय गणपती उठायच्या सुमारास झालेला असतो.

या उलट्या पंचांगातून एक अडचण जन्माला येते आणि इथल्या प्रत्येक वाइनमेकरचं आयुष्य तिच्याशी झुंजण्यात जातं. युरोपात द्राक्ष पिकतं ते थंडीकडे जाताना. दिवस लहान होत जातात, रात्री गारठतात, साखर सावकाश वाढते आणि आंबटपणा टिकून राहतो. नाशिकला नेमकं उलट घडतं. इथे द्राक्ष पिकतं ते उन्हाळ्याकडे जाताना. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, हवा अगदी हवी तशी असते. पण फेब्रुवारी सरता सरता दुपार ३२-३३ अंशांवर पोहोचते आणि मण्यातलं आम्ल झपाट्याने ओसरायला लागतं. साखर भरते, आंबटपणा जातो. आंबटपणा गेलेली वाइन बेचव लागते आणि टिकतही नाही.

पहिल्या वाइनरीत ज्या वाइनमेकरशी बोलणं झालं, तो तिशीतला तरुण. गमबूट घातलेले, हात कोपरापर्यंत जांभळे. टेस्टिंगच्या टेबलावर बसून बोलायला त्याला वेळ नव्हता. टाक्यांच्या शिड्या चढत-उतरत बोलणं झालं. काढणीचा दिवस कसा ठरवता, असं विचारल्यावर त्याने एक घड हातात दिला आणि मणी चावून बी बघायला सांगितलं. बी हिरवट असेल तर थांबायचं, तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली तर लाल वाइनची द्राक्षं तयार. पांढऱ्या वाइनसाठी तो बी पिकायची वाट बघत बसत नाही. आंबटपणा हातचा जाऊ नये म्हणून साखर थोडी कमी असतानाच माल उतरवतो. रिफ्रॅक्टोमीटर, आम्ल मोजायचं यंत्र, प्रयोगशाळा सगळं त्याच्यापाशी आहे. तरी हंगामात रोज सकाळी तो बागांतून हिंडतो आणि मणी चाखतो.

नाशिकमध्ये शेनिन ब्लां ही पांढरी जात का रुजली, याचं उत्तर इथे आहे. मूळची फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली ही जात उष्ण हवेतही आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते. सोविन्यों ब्लां जास्त नाजूक, पण जानेवारीतच उतरवली तर ताज्या, हिरव्या वासाची वाइन देते. लाल जातींत शिराझ इथे सुखाने नांदते. पिनो न्वारसारख्या थंडीच्या लाडक्या जातीपासून चांगली साधी लाल वाइन करणं इथे फार अवघड. दोन दिवसांत चाखलेल्या वाइनांपैकी शेनिन आणि शिराझ मला सर्वांत खऱ्या वाटल्या. काबर्ने या लाल जातीच्या काही नमुन्यांची चव फ्रान्सची आठवण काढत राहिल्यासारखी होती, तर शेनिनला कोणाची आठवण काढायची गरज भासत नव्हती.

टाकीत काय घडतं, तेही थोडक्यात. द्राक्षरसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल. म्हणून २२-२३ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) द्राक्षं आली की वाइन साडेबारा-तेरा टक्क्यांपर्यंत जाते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून नुसता रस घेतात आणि तो १२ ते १६ अंशांवर, सावकाश, आंबवतात. लाल वाइनचा रंग सालीत असतो, त्यामुळे ती सालीसकट आंबते. सालींचा जाड थर वर तरंगतो. खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा त्यावर सोडावा लागतो. त्यासाठी हंगामात रात्री-अपरात्री उठावं लागतं. बाहेर ३२ अंश आणि टाकीत १४, हा फरक विजेवर राखायचा असतो. महाराष्ट्रात भारनियमन होतं त्या वर्षांत ज्यांनी वाइनऱ्या चालवल्या, त्यांनी मोठी जनित्रं चालवत त्या चालवल्या, हे आज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

टेस्टिंग रूम ही कल्पनाही आपल्याकडे जुनी नाही. राजीव सामंत अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकल कंपनीत नोकरी केली, ती सोडून परत आले आणि नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर शेतीचे वेगवेगळे प्रयोग करत वाइनच्या द्राक्षांपाशी पोहोचले. कॅलिफोर्नियाचे वाइनमेकर केरी डॅमस्की त्यांच्या मदतीला आले. त्यांच्या सुला या वाइनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली आणि २००५ मध्ये त्यांनी गोवर्धनला टेस्टिंग रूम उघडली. देशातली ही पहिली. तोवर बहुतेक मराठी घरांत वाइन म्हणजे गोव्याहून येणारी गोड पोर्ट, किंवा मग दारूच्या दुकानातल्या मागच्या फळीवरची एखादी धुळकट बाटली. भारतात वर्षाला माणशी एक पेलाही वाइन प्यायली जात नाही. अशा देशात गिऱ्हाईक दुकानात शोधून सापडणार नव्हतं. त्याला बागेत बोलवायचं, पाच-सहा पेल्यांत थोडी थोडी ओतून द्यायची, पेला देठाला का धरायचा, फिरवून वास का घ्यायचा, हे न लाजवता सांगायचं, हाच मार्ग होता. २००८ पासून तिथे सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला, पुढे राहण्याची सोय झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. शेजारी गंगावऱ्ह्याला गुरनानी कुटुंबाची यॉर्क वाइनरी उभी राहिली. तिचे वाइनमेकर कैलास गुरनानी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला हे शास्त्र शिकून आलेले. २०२१ मध्ये सुलाने यॉर्क विकत घेतली. तिथली गच्चीवरची टेस्टिंग रूम मला जास्त आवडली. गर्दी कमी, आणि ओतणाऱ्याला बोलायला सवड होती.

टेस्टिंग रूममधल्या मुला-मुलींबद्दल चांगलं लिहिलं पाहिजे. बरीचशी नाशिकच्या आसपासच्या गावांतली. ज्या घरात दारूचं नाव काढायचं नाही, तिथून येऊन ही मुलं रोज शेकडो पाहुण्यांना शिराझमधला मिऱ्याचा वास समजावतात, तेही मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. एका मुलीला मी विचारलं, ही द्राक्षं कोणत्या गावची? तिने क्षणभर विचार करून तालुका सांगितला. पुढे तिलाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुपारी आम्ही दिंडोरी रस्त्याला लागलो. शांदों ही फ्रान्सच्या मोएत हेनेसी समूहाची वाइनरी इथे आहे. २०१३ मध्ये त्यांची इथली पहिली बुडबुड्यांची वाइन बाजारात आली. शेनिन, शार्दोने आणि पिनो न्वार मिळून ती बनते. साध्या लाल वाइनसाठी अवघड ठरलेली पिनो न्वार इथे कामाला येते, कारण बुडबुड्यांच्या वाइनला फार पिकलेला माल नकोच असतो. साखर कमी आणि आंबटपणा भरपूर असतानाच तो उतरवतात. नाशिकच्या हवेतली उणीव टाळून जाणारी ही वाट आहे. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण करायची, यीस्टचा गाळ महिनोनमहिने बाटलीत राहू द्यायचा, मग बाटली हळूहळू उलटी करत तो तोंडाशी आणायचा, मान गोठवून गाळाची गोळी उडवायची आणि पुन्हा बूच मारायचं. बाटलीतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त असतो, म्हणून काच जाड.

पण बुडबुड्यांची वाइन महाराष्ट्रात फ्रेंच कंपनीबरोबर आली, असं मात्र नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रान्समधल्या पाइपर-हाइडसिकच्या तांत्रिक साहाय्याने ‘ओमर खय्याम’ नावाची वाइन काढली आणि ती परदेशांत विकून दाखवली. शातो इंदाज हे त्यांच्या कंपनीचं नाव एके काळी भारतीय वाइनचं दुसरं नाव होतं. आज टेस्टिंग रूमच्या भिंतींवर जे इतिहासाचे फलक लागतात, त्यांत नारायणगाव सहसा नसतं. ते असायला हवं. आजच्या अनेक वाइनऱ्यांत काम करणारी पहिली पिढी तिथेच हात घालून शिकली.

आणि नारायणगावच्याही आधी ओझर आहे. निफाड तालुक्यातल्या ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षबाग लावली, तिथून नाशिकची द्राक्षशेती सुरू झाली असं मानतात. पुढच्या शंभर वर्षांत मराठी शेतकऱ्याने या परक्या वेलीवर जे प्रभुत्व मिळवलं, ते विलक्षण आहे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेत वेगळी काडी दिसली आणि तीतून तास-ए-गणेश ही जात आली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिल्या. ही सगळी बागेत डोळे उघडे ठेवून हिंडणारी माणसं. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांना असे शेतकरी तयार मिळाले. आज देशातल्या द्राक्षांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक महाराष्ट्रात पिकतात.

या अनुभवी शेतकऱ्याला वाइनच्या द्राक्षाकडे वळवणं मात्र सोपं नव्हतं. खाण्याच्या द्राक्षात मोठा, लांबट, बिनबियांचा, पातळ सालीचा मणी लागतो. त्यासाठी जीए (जिबरेलिक ॲसिड) या संप्रेरकाची फवारणी आणि बुडवणी, विरळणी, घड सारखे करणं, असं सगळं शिकून तो पारंगत झालेला. वाइनला लहान मणी, जाड साल आणि आत बी असं द्राक्ष लागतं. मण्याच्या मानाने साल जितकी जास्त तितका रंग आणि चव जास्त. एकरी दहा-बारा टन काढणाऱ्याला वाइनरी म्हणते, चार-पाच टनांवर थांब. पाणी कमी दे. घड जास्त आले तर काही खाली पाड. हाताने वाढवलेला घड हाताने जमिनीवर पाडायचा, हे कोणाच्याही गळी सहज उतरत नाही.

तरी २००१ नंतर तो वळला. त्या वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनरीला दहा वर्षं उत्पादन शुल्कात माफी, सोपे परवाने, निफाड तालुक्यातल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाइन पार्क. दशक सरेपर्यंत राज्यात साठांच्या वर वाइनऱ्या झाल्या. कित्येक शेतकऱ्यांनी थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाच्या बागा काढून काबर्ने आणि शिराझ लावल्या, काहींनी कर्ज काढून स्वतःच्या वाइनऱ्या थाटल्या. वाइन करणं त्यांना जमलं. विकणं जमलं नाही. मग २००८ ची जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या जुन्या वाइनने भरलेल्या आणि बागेत नवा माल तयार. पुढच्या नोव्हेंबरात, २००९ मध्ये, फयान वादळाच्या पावसाने ऐन फुलोऱ्यातल्या बागा झोडपल्या. शातो इंदाज कर्जाच्या ओझ्याखाली २०१० च्या सुमारास कोलमडली. विंचूरच्या पार्कातले अनेक भूखंड तसेच पडून राहिले. आणि शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून वाइनच्या बागा उपटल्या.

रविवारी सकाळी दिंडोरी तालुक्यात ज्यांच्या बागेत आम्ही गेलो, त्या काकांनीही तेव्हा एक प्लॉट उपटला होता. दुसरा राखला, कारण त्या वाइनरीने कमी का होईना पण पैसे दिले. त्यांना बोलतं करायला वेळ लागला नाही. “खायच्या द्राक्षात पैसा जास्त, पण झोप नाही. एक पाऊस आला की मणी तडकतो, व्यापारी फोन उचलत नाही. वायनरीचा माल एकरी कमी निघतो, पण दर आधीच कागदावर असतो,” ते म्हणाले. बुडवणी नाही, विरळणी नाही, पेट्या भरणं नाही, म्हणून खर्चही उतरतो. वेली मांडवावर न चढवता उभ्या तारांवर बांधलेल्या, घड गुडघ्या-मांडीच्या उंचीवर, त्यामुळे खुडणी पटापट होते. करार दीर्घ मुदतीचा आहे. मोठ्या वाइनऱ्या आता बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांचे करार करतात. त्याला कारण आहे. वाइनची बाग तिसऱ्या-चौथ्या वर्षी खरी रंगात येते, आणि दोनदा छाटल्यामुळे, कधीच न झोपल्यामुळे, आपल्या वेलीचं आयुष्य युरोपातल्या वेलीपेक्षा बरंच कमी. पंधरा-वीस वर्षांत ती थकते. करार तीन वर्षांचा असेल तर सगळा धोका एकट्या शेतकऱ्याच्या माथी.

काकांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जातात. आपल्या शिराझची वाइन त्यांनी कधी चाखलेली नाही आणि चाखणार नाहीत. मला यात काही विसंगत वाटत नाही. मळीपासून दारू होते म्हणून माळकरी माणूस ऊस लावायचा थांबत नाही. पण एक गोष्ट टोचत राहते. ज्याला आपल्या मालाचं पुढे काय झालं ते चाखून कळत नाही, त्याला ते सांगून तरी कळायला हवं. त्यांना टनाचा दर कळतो, ब्रिक्स कळतो, क्रेट परत पाठवला तर कारण कळतं. तो माल साध्या बाटलीत गेला की राखीव बाटलीत, हे त्यांना कोणी कळवलेलं नाही. त्यांचा मुलगा मात्र कृषी पदवीधर आहे, तो टेस्टिंगला जाऊन आलाय, आणि आपल्या खालच्या मुरमाड तुकड्यातली शिराझ वरच्या काळ्या मातीतल्या शिराझपेक्षा वेगळी लागते की नाही, हे त्याला जाणून घ्यायचं आहे. माझ्या मते दोन दिवसांत कानावर पडलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता.

बागेत खुडणी चालू होती ती पेठ आणि सुरगाण्याहून आलेल्या टोळीकडून. नाशिकची द्राक्षशेती, खाण्याची असो की वाइनची, या आदिवासी तालुक्यांतल्या मजुरांच्या हातावर उभी आहे. छाटणी, काडी बांधणी, खुडणी, सगळी नेमकी कामं. खरड छाटणीत कोणता डोळा राखायचा हे बायका एका नजरेत ठरवतात. वाइनमेकर फ्रान्समधून शिकून आला तरी वेलीवर शेवटचा निर्णय त्यांच्या कात्रीचा असतो.

परतीच्या वाटेवर इगतपुरी तालुक्यात सांजेगावला थांबलो. मुकणे धरणाच्या बाजूची ही जागा गंगापूरपेक्षा शांत. ग्रोव्हर झांपाची नाशिककडची वाइनरी इथलीच. बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने लावलेल्या बागा आणि नाशिकची वाइनरी २०१२ मध्ये एकत्र आल्या. शेजारीच व्हॅलोने ही लहान वाइनरी. लहान जागांचा फायदा हा, की टेबलावर ओतणारा माणूस कधी कधी वाइन करणाराच असतो. निफाडकडे रेव्हेलो आहे. यतीन पाटील यांच्या द्राक्षबागाईतदार घराण्याची, स्वतःच्या बागेतल्याच द्राक्षांची वाइन करणारी. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली आहे, जिथे इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील भागीदार झाले आणि टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले. ती सफर वेगळी करायला हवी. अकलूजचं ऊन नाशिकपेक्षा कडक, तिथला वाइनमेकर वेगळ्या लढाईत असतो.

सांजेगावला एका अनुभवी वाइनमेकरने आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच जातीच्या, एकाच आठवड्यात काढलेल्या, पण दोन वेगळ्या गावांच्या शिराझच्या दोन टाक्या. त्याने दोन्हींतून थोडी थोडी वाइन काढून दिली. वाइन अजून कच्ची, गढूळ, जिभेला ओरखडे काढणारी. तरीही फरक लपत नव्हता. एकीत काळ्या मिऱ्याचा तिखटपणा, दुसरीत पिकल्या जांभळाचा गोडवा. पुढे या दोन्ही एकत्र होऊन एका नावाच्या बाटलीत जाणार होत्या. बाजार तसाच चालतो, असं तो म्हणाला. दोन वेगळ्या बाटल्या विकायला तेवढे जाणते गिऱ्हाईक अजून नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. अण्णा हजारे उपोषणाचा इशारा देऊन उभे राहिले, विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हटलं, सरकारने शेतकऱ्याचं हित पुढे केलं. निर्णय अमलात आलाच नाही. त्या वादात शेतकऱ्याचं नाव सगळ्यांनी घेतलं, पण नाशिकच्या अफाट द्राक्षक्षेत्रात वाइनची द्राक्षं शेकड्यात फारच थोडी, ही साधी गोष्ट कोणी मांडली नाही. जी थोडी आहेत त्यांच्यासाठी खरे प्रश्न वेगळे. राज्यात बनलेल्या वाइनवरच्या २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के वाइनरीला परत द्यायची योजना आहे. परतावा रखडला की लहान वाइनरीचा श्वास कोंडतो आणि तिथून तो दाब थेट बागाईतदाराच्या पेमेंटवर येतो. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये झालेल्या करारानंतर तिथल्या महागड्या वाइनवरचं १५० टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं आहे. आणि पाऊस. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने छाटणी झालेल्या बागा कुजवल्या, ते वर्ष अजून कोणी विसरलेलं नाही.

ज्यांना जायचं असेल त्यांनी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जावं. एरवी हिरवळ तीच असते, पण टाक्या गप्प असतात. वय २१ पूर्ण हवं, गाडी चालवणाऱ्याने चाखू नये, आणि ड्राय डेची तारीख बघून निघावं. दिवसाला दोन वाइनऱ्या पुरेत. तिसरीत जीभ थकते. लाल वाइन आपल्या खोलीच्या तापमानाला देत असतील तर थोडी गार करून मागावी, १६-१८ अंशांवर ती खुलते. जेवताना नाशिकच्या झणझणीत मिसळीबरोबर काबर्ने घेऊ नये, तिखट आणि सालीचा तुरटपणा एकमेकांना भडकवतात; किंचित गोडसर शेनिन चालते. उशिरा काढणीची गोड शेनिन श्रीखंडाबरोबर घ्यावी असं मी आवर्जून सांगेन.

आणि ओतणाऱ्याला गाव विचारावं. ‘नाशिक व्हॅली’ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, सुलाच्या एका शिराझवर दिंडोरीचं नाव आहे, म्हणजे सुरुवात झाली आहे. पण जिल्हा फार मोठा आहे आणि तालुकाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची शिराझ वेगळी, सांजेगावची वेगळी, हे वाइनमेकरला माहीत आहे, बागाईतदाराला अंदाज आहे, फक्त पिणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर गावाचं नाव आणि गोडी छाटणीचा आठवडा छापला, तर दोन वर्षांत गिऱ्हाईक फरक ओळखायला शिकेल आणि चांगल्या मातीच्या तुकड्याला वेगळा दर मागता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मागच्या फाटकावरच्या वजनकाट्याच्या वहीत गाव, प्लॉट, तारीख आणि ब्रिक्स दर क्रेटमागे आजही लिहिले जातात.